एका मूर्तिकाराचीं दोन स्मारकें

अमेरिकेहून परत आलेल्या माणसास ‘काय काय पाहिलें?’ असें विचारलें असतां त्यानें प्रथम नायगाऱ्याचा धबधबा सांगावा, नंतर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती सांगाव्यात, आणि शेवटीं तिकडील भाजीपाल्यास आपल्याकडील चव नाहीं असें म्हणून विषय संपवावा, असा आतां जणूं संकेतच पडून गेला आहे. आम्हींही धबधबा पाहिला. तो मोठा आहे. परंतु त्याविषयीं आजवर इतक्या जणांनीं लिहिलें आहे कीं, आमच्या लेखणीनें त्यांत भर घालण्याचें प्रयोजन दिसत नाहीं. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त बोस्टन शहराजवळ राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां गतवर्षीं उन्हाळ्याचे तीन महिने तिकडे काढून आलों. तेवढ्या अवधींत जें पाहिलें त्यांतील पुष्कळसें विसरलों. मनांत घर करून राहिलें तें एका मूर्तिकाराचें काम. त्याचें नांव ऑगस्टस सेंट-गॉडन्स. हें नांव आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. म्हणून प्रथम त्याची थोडी ओळख करून देतों.

सेंट-गॉडन्सचा जन्म १ मार्च १८४८ रोजीं आयर्लंडमध्यें डब्लिन शहरीं झाला. बाप फ्रेंच, जोडे करण्याचा धंदा करणारा, आई आयरिश. बटाट्याच्या पिकावर रोग पडून त्या देशांत तेव्हां भयंकर दुष्काळ पडला होता. मूल सहा महिन्यांचें असतां आईबाप त्यास घेऊन जहाजांत बसले आणि बोस्टनच्या धक्क्यास लागले. तेथून पुढें न्यूयॉर्कास जाऊन राहिले. तेराव्या वर्षीं मुलाची शाळा सुटली व बापानें त्यास कॅमिओ कोरणाऱ्या एका कारागिराच्या हाताखालीं उमेदवारीस घातलें. दगडाच्या किंवा शिंपल्याच्या निरनिराळ्या रंगांच्या थरांतून अंगठ्याएवढा मुखवटा उठावांत कोरून काढावयाचा, असा हा धंदा. दिवसा हें काम आणि रात्रीं चित्रकलेचा वर्ग. आम्हीं उभा जन्म मुलें शिकविण्यांत घालविला. तेराव्या वर्षीं शाळा सुटलेलीं मुलें आम्हांस पुष्कळ आठवतात. त्यांपैकीं कोणाच्या बोटांत काय होतें, हें टिपून ठेवण्याचा रकाना आमच्या हजेरीपुस्तकांत नव्हता. या मुलाच्या बोटांत जें होतें तें १८६७ सालीं त्यास पॅरिसला घेऊन गेलें. पुढें जर्मनांचें व फ्रेंचांचें युद्ध जुंपलें तेव्हां तो रोम येथें गेला. आणि १८८१ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकांत अ‍ॅडमिरल फॅरागट याचा पुतळा उभा राहिला त्या दिवसापासून या देशांतील पहिल्या प्रतीच्या मूर्तिकारांत त्याची गणना होऊं लागली. यापुढील सव्वीस वर्षांत त्यानें जें केलें त्याची यादी देण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस दोनच स्मारकांविषयीं लिहावयाचें आहे.

पहिलें स्मारक बोस्टन येथें आहे. शहराच्या मध्यभागीं ‘कॉमन’ नांवाचें एक विस्तीर्ण मैदान आहे. पूर्वीं तेथें गांवचीं गुरें चरत असत. मैदानाच्या एका अंगास चढण असून तिच्या माथ्यावर राज्याच्या विधिमंडळाचें सोनेरी घुमटाचें भवन आहे. त्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या अलीकडच्या कडेस, दगडी ओट्यावर हें स्मारक उभें आहे. सुमारें अकरा फूट उंच व चौदा फूट रुंद असा हा ब्राँझचा पट आहे. पहिल्या दृष्टिक्षेपांत त्यावर एक घोडेस्वार दिसतो. हातांत उपसलेली तलवार, ताठ पाठ, समोर खिळलेली दृष्टि. असे घोडेस्वार पाश्चात्य शहरांत चौकाचौकांत असतात, त्यांतलाच हा एक, असें वाटून पुष्कळ प्रवासी एक छायाचित्र घेऊन पुढें जातात. परंतु क्षणभर थांबलें म्हणजे घोड्याच्या पलीकडून चाललेल्या शिपायांच्या रांगा दिसूं लागतात, आणि मग घोडेस्वाराकडे पुन्हां लक्ष वळविण्यास प्रयासच पडतो. खांद्यावर तिरप्या बंदुका, पाठीवर गुंडाळलेलीं कांबळीं, एकाच ठेक्यांत उचललेले पाय. पायांचा ठेका एक, पण तोंडें सगळीं निरनिराळीं. कोणी दाढीवाला प्रौढ, कोणी नुकतेंच मिसरूड फुटलेला पोरगा. आणि सर्वांच्या पुढें ताशा वाजविणारा एक मुलगा. सर्व कृष्णवर्णीय. वरून हवेंत तरंगत असलेली एक देवता खसखशीचीं फुलें घेऊन त्यांच्याबरोबर चालली आहे. खसखस हें त्यांच्याकडे चिरनिद्रेचें चिन्ह आहे.

ही पलटण म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याची ५४ वी पायदळ पलटण. १८६१ ते १८६५ या काळांत गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेंत जें यादवी युद्ध झालें, त्यांत उत्तरेकडील पक्षानें उभारलेल्या कृष्णवर्णीयांच्या अगदीं पहिल्या पलटणींपैकीं ही एक होय. शिपाई कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे, अशी तिची रचना होती. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ हा पंचवीस वर्षांचा, सधन घराण्यांतील तरुण. २८ मे १८६३ रोजीं याच रस्त्यानें ही पलटण लढाईवर निघाली. १८ जुलै रोजीं दक्षिण कॅरोलिनांत चार्ल्सटनच्या बंदराजवळील वॅग्नर नांवाच्या किल्ल्यावर तिनें हल्ला चढविला. सुमारें सहाशें शिपायांपैकीं अडीचशेंहून अधिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. शॉ तटावर पोंचून तेथेंच पडला. शत्रूनें त्यास त्याच्या शिपायांसमवेत एकाच खंदकांत पुरलें. त्या काळीं अधिकाऱ्याचें प्रेत वेगळें काढून सन्मानानें परत करण्याची चाल होती. त्यामुळें हा मुद्दाम केलेला अपमान समजला गेला. पुढें प्रेत उकरून आणण्याची गोष्ट निघाली तेव्हां बापानें ती साफ नाकारली. आपल्या माणसांमध्यें तो पडला आहे, त्याहून चांगली जागा त्यास दुसरी कोणती मिळणार, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

या पलटणीची आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. भरतीच्या वेळीं शिपायांस गोऱ्या शिपायांइतकाच, म्हणजे महिना तेरा डॉलर पगार देण्याचें वचन दिलेलें होतें. प्रत्यक्ष हातावर पडूं लागले दहा, आणि त्यांतूनही कपड्यांचे म्हणून तीन कापले जाऊं लागले. तेव्हां त्यांनीं उरलेले सातही नाकारले. फरकाची रक्कम आपण भरून देतों असें त्यांच्या राज्य सरकारनें म्हटलें, तीही नाकारली. घरीं बायकामुलें उपाशी, आणि हे महिन्यांमागून महिने बिनपगारी लढत राहिले. अखेर १८६४ सालीं कायदा झाला आणि पूर्ण पगार मिळाला. किल्ल्यावरील हल्ल्यापेक्षां आम्हांस ही लढाई अवघड वाटते.

स्मारकाची कल्पना १८६५ सालीं प्रथम काढली ती जोशुआ बी. स्मिथ या कृष्णवर्णीय गृहस्थानें. हा बोस्टनमध्यें मेजवान्यांचे मक्ते घेऊन प्रतिष्ठेस चढला होता. वर्गणी जमली, वर्षें गेलीं, आणि १८८४ सालीं सेंट-गॉडन्सशीं करार झाला. त्याच्या मनांत एकट्या घोडेस्वाराचा मोठा पुतळा करावयाचा होता. परंतु शॉच्या घरच्या माणसांस ही कल्पना रुचली नाहीं. घोड्यावरील पुतळे मोठमोठ्या सेनापतींचे होतात. आमचा मुलगा एक साधा कर्नल, त्यास हा मान शोभत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. हें म्हणणें ऐकून मूर्तिकारानें घोडेस्वारास चौथऱ्यावरून उतरवून त्याच्या शिपायांच्या बरोबरीनें चालावयास लावलें. आपल्याकडे साध्या पाणपोईवरसुद्धां देणगीदाराचें नांव पाणपोईहून मोठ्या अक्षरांत असतें. त्या हिशेबानें आपल्या मुलाचा पुतळा लहान करा म्हणणारीं घरचीं माणसें आम्हांस विशेष वाटलीं.

मग शिपाई काढण्याचें काम सुरू झालें, आणि तें संपेना. न्यूयॉर्कच्या रस्त्यांत कृष्णवर्णीय माणूस दिसला कीं त्यास थांबवावें, मजुरी ठरवून शिल्पशाळेंत आणावें, आणि मातींत त्याचें डोकें घडवावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. अशीं सुमारें चाळीस डोकीं त्यानें केलीं. त्यांतील थोडींच पटावर आलीं. कमिटी पत्रांवर पत्रें पाठवून थकली. ठरलेल्या पैशांत हें काम केव्हांच परवडेनासें झालें होतें. दुसरीं कामें करून तो पोट भरी आणि पुन्हां या पटाकडे वळे. करारापासून अनावरणापर्यंत तेरा वर्षांहून अधिक काळ गेला. येथें एक गोष्ट आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. या मूर्तिकाराच्या आठवणी त्याच्या मुलानें पुढें प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांत या माणसांविषयीं लिहितांना तो त्यांची थट्टा करतो, आणि ती थट्टा वरच्या पायरीवर उभें राहून केलेली आहे. त्याच्या काळच्या गोऱ्या माणसांचा जो ग्रह होता तोच त्याचाही होता. परंतु पटावरील चेहऱ्यांकडे पाहा! त्यांत थट्टेचा लवलेश नाहीं. प्रत्येक चेहरा एका विवक्षित माणसाचा आहे, आणि तो माणूस कोठें चालला आहे हें त्यास पुरतें ठाऊक आहे. जिभेस जें उमगलें नव्हतें तें हातास उमगलें होतें, असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं.

३१ मे १८९७ रोजीं अनावरण झालें. विल्यम जेम्स हा तत्त्ववेत्ता बोलला. त्याचा एक भाऊ याच पलटणींत अधिकारी असून त्या हल्ल्यांत जबर जखमी झाला होता. कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन हेही बोलले. परंतु मूर्तिकाराच्या मनावर ठसा उमटला तो भाषणांचा नव्हे. पलटणींतील हयात असलेले शिपाई त्या दिवशीं स्मारकासमोरून चालत गेले. कोणाचे केस पांढरे, कोणी लंगडत, कोणी वाकलेला. पटावरचे शिपाई ज्या दिशेस चालले आहेत तिच्या उलट दिशेनें हे म्हातारे येत होते. जाणारे तेच, आणि परत येणारेही तेच.

आमच्या कुटुंबास कोणतीही मूर्ति पाहिली कीं प्रदक्षिणा घातल्याशिवाय चैन पडत नाहीं. या संवयीमुळें आम्हांस स्मारकाची मागची बाजू पाहावयास मिळाली. पुष्कळ लोक ती पाहत नाहींत. मागें दगडावर नांवें कोरलेलीं आहेत. लढाईंत पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचीं नांवें अनावरणापासूनच तेथें होतीं. शिपायांचीं नव्हतीं. पुढल्या अंगास त्यांचे चेहरे, आणि मागल्या अंगास त्यांच्या अधिकाऱ्यांचीं नांवें, अशी वांटणी ऐंशींहून अधिक वर्षें चालली. १९८० नंतर दोनएक वर्षांत डागडुजीच्या वेळीं साठाहून अधिक मृत शिपायांचीं नांवें तेथें कोरण्यांत आलीं. पुढल्या बाजूस वर एक लॅटिन वचन आहे. प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठीं सर्वस्व सोडलें, असा त्याचा अर्थ चिरंजिवांनीं सांगितला. आम्हांस लॅटिन येत नाहीं. परंतु त्यांतील क्रियापद पाहतांच आपल्या ‘रिच्’ धातूची, ज्यापासून ‘रिक्त’ शब्द होतो त्याची, आठवण झाली. दोन्ही भाषांतील धातु मूळचा एकच आहे. आणि अंतींचा ‘त्’ पाहून वचनही कळलें. एकवचन आहे. सर्वस्व सोडलें तें एकट्यानें, असें तें व्याकरण म्हणतें. पट मात्र बहुवचनांत बोलतो.

बोस्टनहून उत्तरेस मोटारीनें अडीच तासांवर न्यू हॅम्पशायर राज्यांत कॉर्निश नांवाचें खेडें आहे. तेथें सेंट-गॉडन्सचें राहतें घर, शिल्पशाळा व बाग सरकारनें राष्ट्रीय उद्यान म्हणून जतन करून ठेविलीं आहेत. पूर्वीं खाणावळ म्हणून चालविलेली ही जुनी इमारत १८८५ सालीं त्यास प्रथम दाखविण्यांत आली तेव्हां ती त्यास आवडली नव्हती. त्या वेळीं त्याच्याकडे शिकागो येथील अब्राहम लिंकन यांच्या पुतळ्याचें काम होतें. ‘या बाजूस लिंकनसारख्या अंगलटीचीं माणसें वाटेल तितकीं मिळतील,’ असें घरमालक मित्रानें आमिष दाखविलें, आणि तो आला. माणूस खरोखरच मिळाला, आणि १८८७ सालीं पुतळा उभा राहिला. खुर्चीवरून नुकतेच उठून, बोलण्यापूर्वीं मान खालीं घालून उभे असलेले ते लिंकन. लहानपणीं न्यूयॉर्कमध्यें त्यानें लिंकन यांस जिवंतपणीं एकदां गाडींतून जातांना पाहिलें होतें. आणि १८६५ सालीं त्यांचें शव दर्शनासाठीं ठेवलें तेव्हां रांगेंत उभें राहून एकदां दर्शन घेतल्यावर तो पुन्हां रांगेच्या शेवटास जाऊन उभा राहिला होता. तेव्हां तो सतरा वर्षांचा होता. पुतळा करणें म्हणजे असें दुसऱ्यांदां रांगेंत उभें राहणेंच असावें.

या घरास त्यानें बापाच्या गांवावरून ‘आस्पे’ असें नांव दिलें. समोर आस्कटनी पर्वत, मधून वाहणारी कनेक्टिकट नदी, आणि नदीवर १८६६ सालीं बांधलेला छपराचा लाकडी पूल. पुलाला छप्पर कशासाठीं, हें आम्हांस प्रथम कळेना. बर्फ व पाऊस यांनीं लांकूड कुजूं नये म्हणून, असें समजलें. पूल मोटारीनें ओलांडला. १९०० सालीं सेंट-गॉडन्सला कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. १९०४ सालीं शिल्पशाळेस आग लागून पुष्कळ काम जळालें. तरी तो करीतच राहिला. शेवटच्या दिवसांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून त्यानें वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचा नमुना केला. उठाव इतका खोल कीं टांकसाळीच्या यंत्रास एका ठोक्यांत तें नाणें उमटवितां येईना. अंगठ्याएवढ्या दगडापासून सुरू झालेला हात शेवटीं पुन्हां तेवढ्याच आकारावर येऊन ठेपला. ३ ऑगस्ट १९०७ रोजीं तो कॉर्निश येथेंच वारला. मित्रमंडळींनीं १९०५ सालीं त्याच्या सन्मानार्थ बागेंत एक गंमतीचें नाटक केलें होतें. त्यासाठीं उभारलेला खोटा मंडप पुढें संगमरवराचा केला, आणि त्यांत आज त्याच्या अस्थि आहेत.

आतां दुसरें स्मारक. परतीच्या आधीं आठ दिवस आम्ही वॉशिंग्टन येथें नातेवाइकांकडे राहिलों. तेथील नॅशनल गॅलरींत बोस्टनच्या पटाची प्लास्टरची प्रत आहे. अनावरणानंतरही हा मनुष्य त्या पटांत फेरफार करीत राहिला होता, त्याचीच ती प्रत. परंतु आम्हांस पाहावयाचें होतें तें शहराच्या उत्तर भागांत, रॉक क्रीक नांवाच्या जुन्या दफनभूमींत.

हेन्री अ‍ॅडम्स हा इतिहासकार. याचा पणजा आणि आजा हे दोघेही अमेरिकेचे अध्यक्ष होऊन गेलेले. त्याची पत्नी मोठी चतुर, हजरजबाबी, विद्याव्यासंगी, आणि छायाचित्रें काढण्यांत निष्णात होती. १८८५ सालच्या वसंत ऋतूंत तिचे वडील वारले. तो आघात तिला सोसवला नाहीं, आणि त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं तिनें आपल्या हातांनीं आयुष्य संपविलें. मूल नव्हतें. पुढल्या वर्षीं अ‍ॅडम्स जॉन ला फार्ज या चित्रकार मित्रास घेऊन जपानास गेला. वाटेंत एका वार्ताहरानें, जपानास कशाकरितां जातां, असें विचारलें. निर्वाणाच्या शोधार्थ, असें ला फार्जनें उत्तर दिलें. त्यावर, सध्यां त्याचा हंगाम नाहीं, असें तो पोरगा म्हणाला! जपानांत अ‍ॅडम्सनें ठिकठिकाणीं बुद्धाच्या व कान्नोनच्या मूर्ति पाहिल्या. ही कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. वर राहून जगाचें दुःख खालीं पाहणारा, म्हणून अवलोकितेश्वर. चीनमध्यें त्याची क्वान-यिन झाली, त्याला स्त्रीरूप मिळालें, आणि जपानांत त्याचीच कान्नोन झाली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत हातीं कमळ घेतलेला जो पद्मपाणि आपण पाहतों तो हाच.

परत आल्यावर अ‍ॅडम्सनें सेंट-गॉडन्सला सांगितलें तें असें: बायकोचा मुखवटा नको, ग्रंथ वाचूं नकोस, ला फार्जशीं बोल, बुद्धमूर्तींचीं छायाचित्रें पाहा, मायकेल एंजलोचीं चित्रें भोंवतीं ठेव, मला चित्ताची स्थिरता पाहिजे. नांव नको, तारीख नको, वचन नको. एवढें सांगून तो दूर झाला. १८९१ सालीं मूर्ति जागेवर बसली तेव्हां तो दक्षिण समुद्रांतील बेटांवर होता. त्याच प्रवासांत पुढें तो सिंहलद्वीपीं अनुराधपुरास जाऊन बोधिवृक्षाखालीं बसून आला. आपणास बुद्धत्व कांहीं लाभलें नाहीं, असें त्यानें पत्रांत थट्टेनें लिहिलें आहे. आपलें स्मारक त्यानें प्रथम पाहिलें तें १८९२ सालीं.

झाडांच्या दाट कुंपणाआड एक लहानसें षट्कोनी आंगण आहे. एका बाजूस ग्रॅनाइटच्या शिळेस पाठ टेकून ती मूर्ति बसलेली. समोर दगडी बाक. डोक्यावरून पायांपर्यंत एक जाड वस्त्र ओढलेलें. त्यांतून एक चेहरा आणि हनुवटीपाशीं नेलेला एक उजवा हात एवढेंच दिसतें. डोळे जवळजवळ मिटलेले. ती स्त्री आहे कीं पुरुष आहे हें सांगतां येत नाहीं. मूर्तिकारानें स्त्रिया व पुरुष दोघांनाही समोर बसवून ती घडविली होती. वृत्तपत्रांनीं व वाटाड्यांनीं तिला ‘शोक’ असें नांव देऊन टाकलें, आणि अ‍ॅडम्स त्यावर आयुष्यभर चिडत असे. येथें आपले साहित्यशास्त्रकार मदतीस येतात. भरतानें आठ रस सांगितले. शान्त हा नववा रस पुढें मानला गेला, आणि तो वेगळा मानावा कीं मानूं नये यावर पुष्कळ वाद झाला. करुणाचा स्थायीभाव शोक, शान्ताचा शम. या मूर्तीच्या चेहऱ्यावर शोक होऊन गेला आहे, परंतु आतां तो तेथें नाहीं. अश्रूंची खूण नाहीं, आक्रोशाचा वांकडेपणा नाहीं. तसेंच, कांहीं मिळाल्याचें समाधानही नाहीं. करुणाच्या पलीकडच्या तीरावर ती बसली आहे, एवढेंच म्हणतां येईल. अ‍ॅडम्स या बाकावर येऊन बसे आणि येणाऱ्यांचें बोलणें ऐके. धर्मोपदेशकांस हींत निराशा व नास्तिकपणा दिसतो, पण आशियांतील कोणाही माणसास तिचा अर्थ विचारावा लागणार नाहीं, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. १९१८ सालीं तो वारला. त्यालाही येथेंच पुरलें आहे, आणि त्याचेंही नांव कोठें नाहीं.

आत्मचरित्राचा उल्लेख आला म्हणून सांगतों. तें पुस्तक प्रसिद्ध आहे, आणि त्यांत मधलीं वीस वर्षें गाळलेलीं आहेत. लग्न नाहीं, बायको नाहीं, तिचा मृत्यु नाहीं.

आम्ही आंगणांत शिरलों तेव्हां आमच्या कुटुंबानें संवयीनें चपला बाहेर काढून ठेवल्या. प्रदक्षिणेस जागा नव्हती, म्हणून ती बाकावर बसली. बराच वेळ गेल्यावर, “अहो, ही जपास बसली आहे काय?” असें तिनें विचारलें. तेव्हां आम्हीं वर लिहिलेली सर्व हकीगत तिला सांगितली, आणि नांव नसण्यांत या स्मारकाचें मोठेपण कसें आहे हेंही समजावून दिलें. नाम आणि रूप यांनीं माणूस बांधला जातो. येथें नाम सुटलें, स्त्रीपुरुष हा भेदही सुटला, उरली ती केवळ शान्ति, असें आमचें विवेचन होतें.

ती म्हणाली, “तर्पणाच्या वेळीं नांव घेतल्याशिवाय तुमच्या ओंजळींतलें पाणी पोंचतें का?”

आम्हीं म्हटलें कीं, ज्यांचें नांवगोत्र ठाऊक नाहीं त्यांच्यासाठींही एक ओंजळ सोडतात.

“ती ज्यांचें ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं. हिचें तर ठाऊक होतें कीं.”

यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. कुंपणापलीकडे गवत कापण्याचें यंत्र चाललें होतें, तें थांबलें.

“काय होतें हो हिचें नांव?”

“मॅरियन. घरचीं माणसें क्लोव्हर म्हणत.”

“म्हणजे?”

“तिकडे कुरणांत तीन पानांचें एक रोपटें उगवतें, त्याचें तें नांव आहे.”

“मॅरियन,” असें तिनें मूर्तीकडे पाहून एकदां म्हटलें, आणि ती चपला घालावयास उठली.